एका स्टेशनाचे अंतर: निवृत्त माथाडी कामगाराच्या रक्तदाबाचे एक प्रकरण

कोपरखैरण्यात मी अनेक वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. येथे मांडलेले प्रकरण माझ्या एका जुन्या रुग्णाचे आहे. त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ते लिहीत आहे. वस्तीत त्यांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून मीही येथे तात्याच म्हणेन.

तात्या मूळचे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे. त्यांचे वडील मशीद बंदरला ओझी वाहत असत. 1981 मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला आणि त्याच्या मागोमाग हजारो माथाडी कुटुंबांचे आयुष्यही खाडी ओलांडून इकडे आले. 1987 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तात्या वडिलांच्या जागेवर टोळीत लागले आणि पुढची चौतीस वर्षे त्यांनी गोण्या उचलल्या. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला आणि या कामाला नोंदणी, मजुरीची हमी व भविष्य निर्वाह निधी मिळाला. टोळी मात्र कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती. बाहेरच्या माणसाला टोळी म्हणजे कामाचा गट वाटतो. प्रत्यक्षात ती गावाकडच्या नात्यांची मुंबईतली मांडणी असते. एका गोणीला दोघे हात लावतात, तिसरा ती पाठीवर घेतो आणि चौथा थप्पीवर उभा राहून उतरवून घेतो. यांपैकी एकाचे जरी लक्ष चुकले तरी दुसऱ्याची मान मोडू शकते, त्यामुळे या माणसांचा परस्परांवरचा विश्वास अक्षरशः अंगावर पेललेला असतो.

2021 च्या अखेरीस तात्यांच्या उजव्या खांद्यातला स्नायू फाटला आणि त्यांनी काम सोडले. 2023 च्या फेब्रुवारीत मुलाने कोपरखैरण्याचे सिडकोचे जुने घर भाड्याने दिले आणि सारे कुटुंब घणसोलीला एका मोठ्या संकुलात अकराव्या मजल्यावर राहायला गेले. ठाणे-वाशी मार्गावर घणसोली आणि कोपरखैरणे ही शेजारची स्टेशने आहेत. एका स्टेशनाचे हे अंतर वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे ठरेल, असे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही.

तात्यांना आठ वर्षांपासून रक्तदाब आणि पाच वर्षांपासून मधुमेह होता, पण दोन्ही बऱ्यापैकी आटोक्यात असत. जुलै 2023 मध्ये ते आले तेव्हा रक्तदाब 168/102 होता, उपाशीपोटीची साखर 186 आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.1 टक्के होती. झोप मोडत होती आणि भूक कमी झाली होती. मी पाठ्यपुस्तकात सांगितले आहे तसेच वागले. रक्तदाबाच्या दोन औषधांपैकी टेल्मिसार्टन 40 वरून 80 मिलिग्रॅम केले, अॅम्लोडिपिन 5 वरून 10 केले आणि सप्टेंबरमध्ये लघवी वाढवणारी तिसरी गोळी सुरू केली. मूत्रपिंड, थायरॉईड आणि पोटॅशियम तपासले, ते ठीक निघाले. ईसीजीमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड झाल्याची खूण होती, म्हणजे रक्तदाब काही महिने चढाच राहिला होता. प्रत्येक भेटीच्या शेवटी मी एक वाक्य हमखास बोलत असे, "तात्या, ताण घेऊ नका." आज ते वाक्य आठवले की मला वाईट वाटते. ताण कशाचा आहे, हे मी एकदाही विचारले नव्हते.

सप्टेंबरमध्येच एक कारण सापडले. खांद्याच्या दुखण्यासाठी ते औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून दिवसाला दोन घेत होते. या प्रकारच्या गोळ्यांमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठून राहते आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा परिणाम कमी होतो. त्या गोळ्या थांबवल्यावर वरचा आकडा सात-आठ अंकांनी उतरला आणि 154/96 च्या आसपास थांबला. ही गोष्ट मुद्दाम नोंदवते. पुढे जी सुधारणा झाली तिचे सारे श्रेय नात्यांना देण्याचा मोह होतो, पण तिचा काही भाग निव्वळ या गोळ्या बंद केल्यामुळे झाला होता.

नोव्हेंबरमध्ये आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर सहज म्हणाले, "तात्या तर दहालाच येऊन बसतात. तुम्ही येता साडेअकराला." मी चौकशी केली तेव्हा कळले, की ते केवळ भेटीच्या दिवशी येत नसत. आठवड्यातून दोन-तीनदा ते घणसोलीहून गाडी पकडून येत, दवाखान्यासमोरच्या टपरीजवळ उभे राहत, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत आणि काही न बोलता परत जात. घणसोलीत डॉक्टर कमी नाहीत. चार महिने मी मानत होते, की हा रुग्ण माझ्यावरच्या विश्वासापोटी एवढ्या लांब येतो. वास्तविक ते या रस्त्यासाठी येत होते.

पुढच्या रविवारी मी त्यांना दवाखाना बंद असताना बोलावले आणि अर्धा तास फक्त दिवसाविषयी विचारले. कांद्याच्या गाड्या रात्रीच लागतात, त्यामुळे चौतीस वर्षे ते पहाटे चारला उठत आले होते. शरीराचे घड्याळ तेच राहिले होते. फरक इतकाच, की आता चारला जाग आल्यावर जाण्यासारखे कुठे नव्हते. घरच्यांची झोप मोडू नये म्हणून ते दिवा न लावता साडेसहापर्यंत हॉलमध्ये बसून राहत. मग मी एक प्रश्न विचारला, जो आता मी प्रत्येक वयस्क रुग्णाला विचारते: "गेल्या आठवड्यात तुम्ही कोणाच्या उपयोगी पडलात?" ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आता माझा उपयोग काय, डॉक्टर? गोणी उचलता येत नाही. मग टोळीत जाऊन बसायचं कशाला? लोकांचा चहा प्यायला?"

नैराश्याची तीव्रता पाहण्यासाठी आम्ही नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली वापरतो, तिच्यात 27 पैकी 14 गुण आले, म्हणजे मध्यम स्वरूपाचे नैराश्य. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हेही मी स्पष्ट विचारले. तसा विचार नव्हता, "पण सकाळी उठावंसंही वाटत नाही," असे ते म्हणाले. मनोविकारतज्ज्ञांकडे जायला ते तयार झाले नाहीत. तेव्हा दर आठवड्याला मला भेटायचे आणि सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर तज्ज्ञांकडे जायचे, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला. सुनेला टेली-मानसचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक लिहून दिला.

ताण आल्यावर शरीरात काय होते, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मेंदूला धोका जाणवला, की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींतून आधी अॅड्रेनलिन आणि नंतर कॉर्टिसॉल स्रवते. पहिल्यामुळे हृदय जोरात धडधडते आणि रक्तवाहिन्या आकसतात. दुसऱ्यामुळे यकृत रक्तात साखर सोडते आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. गोणी निसटत असताना हे सारे उपयोगाचे असते, कारण दोन मिनिटांत गोणी सावरते आणि शरीर शांत होते. "आपली कोणाला गरज नाही" या जाणिवेला मात्र अशी दोन मिनिटांची मुदत नसते. ती पहाटे चारला अंधारातही सोबत बसलेली असते, आणि तिच्याबरोबर चढा रक्तदाब आणि चढी साखरही. शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये मांडले होते, की आधार देणारी नाती ताणाच्या प्रसंगी धक्का झेलणाऱ्या गादीसारखे काम करतात. प्रसंग तोच राहतो, पण तो निभावता येईल असे वाटल्यामुळे शरीराची प्रतिक्रिया सौम्य होते.

घरच्यांना भेटले तेव्हा गुंता अधिक कळला. या घरात प्रेमाची उणीव मुळीच नव्हती. मुलाने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणले होते आणि महापेच्या कार्यालयातून तो दिवसातून पाच-सहा वेळा फोन करून "किती आला?" असे विचारत असे. आकडा जास्त आला, की पुन्हा मोजायला सांगत असे आणि पुन्हा मोजताना तो आणखी चढत असे. सून त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नसे. "तात्या, तुम्ही बसा, आयुष्यभर कष्टच केलेत," असे ती मनापासून म्हणत असे. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायलाही संकुलातला रखवालदार होता. सगळ्यांनी मिळून एका कष्टकरी माणसाच्या हातातले प्रत्येक काम काढून घेतले होते, आणि त्यालाच काळजी घेणे असे नाव दिले होते. मी हे बोलून दाखवले तेव्हा मुलगा दुखावला. "मग आम्ही काय करायला हवं होतं?" असे त्याने विचारले. त्याचे दुखावणे मला रास्त वाटले. सून तेवढी हळूच म्हणाली, "ते आमच्याशी फार बोलत नाहीत, पण कुणाचाही फोन वाजला की आधी त्यांची मान वर होते." या सबंध प्रकरणातले सर्वांत अचूक निदान तिचे होते.

याच ठिकाणी संशोधनातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 148 अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. ज्यांची सामाजिक नाती भक्कम होती त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी अधिक आढळली. हा आकडा पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. माणूस एकटा राहतो की कोणासोबत, एवढ्याच मापाचा आरोग्याशी असलेला संबंध सर्वांत क्षीण होता. अनेक प्रकारच्या नात्यांत तो किती गुंतलेला आहे, हे पाहिल्यावर संबंध सर्वांत ठळक दिसला. तात्या चार माणसांच्या घरात राहत होते. माझ्या केसपेपरवर "कुटुंबासोबत राहतात" असे लिहिलेले होते, आणि ते वाचून मी निर्धास्त होते.

माझा पहिला उपाय फसला. संकुलातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जावे, असे मी सुचवले. तात्या दोनदा गेले. तिथले लोक सज्जन होते, पण बोलणे परदेशातल्या मुलांचे, पेन्शनचे आणि म्युच्युअल फंडांचे होते. कोणी अपमान केला नाही, पण तिथे तात्यांना ऐकण्यापलीकडे काही काम नव्हते. तिसऱ्यांदा ते गेले नाहीत आणि त्यांनी ते महिनाभर मला सांगितलेही नाही. ओळखी वाढवा, मंडळात जा, हास्यक्लबात जा, असे सांगणे डॉक्टरांना सोपे असते. आधार देणारे नाते बरोबरीच्या जमिनीवर उगवते, हे मला या फसलेल्या उपायातून समजले.

खरी वाट डिसेंबरमध्ये निघाली आणि ती मी काढलेली नव्हती. तात्यांच्या टोळीतले एक जुने सोबती माझ्याकडेच मधुमेहाचे औषध घेत होते. त्यांच्या पायाला जखम झाली, एक बोट काढावे लागले आणि त्यानंतर एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झाले. पत्नी वारलेली आणि मुलगी पनवेलला, त्यामुळे ते एकटेच रिक्षा करून येत. दवाखान्याच्या बाकावर दोघांची गाठ पडली. ड्रेसिंग संपवून ते उठले तेव्हा तात्यांनी काही न बोलता डावा खांदा पुढे केला आणि त्यांनी त्यावर हात टेकवला. उजवा खांदा निकामी होता, पण डावा शाबूत होता. रिक्षात बसताना सोबती म्हणाले, "परवा येशील का रं? एकट्याला पायरी चढवत नाही."

त्या दिवसापासून नऊ आठवडे तात्या एक दिवसाआड घणसोलीहून येत राहिले. सोबत्याला घरून घेणे, दवाखान्यात आणणे, ड्रेसिंग होईपर्यंत थांबणे, पुन्हा घरी सोडणे आणि त्यांच्या घरी चहा करून दोघांनी पिणे, असा तो क्रम होता. चालणे आपोआप तीन-चार किलोमीटर होऊ लागले. मी वर्षभर सांगूनही ते कधी चालले नव्हते. जखम उघडी पाहिल्यावर साखरेचे महत्त्व त्यांना जितके पटले, तितके माझ्या कोणत्याही तक्त्याने पटवले नसते. जानेवारीत त्यांनी एक कबुलीही दिली. रात्रीच्या गोळ्या ते आठवड्यातून दोन-तीनदा खिडकीतून टाकून देत होते. सून डबीत गोळ्या मोजून भरत होती आणि डबी रिकामी होत होती, म्हणून कोणालाच संशय आला नव्हता. "आता का घेता?" असे मी विचारले. "मला काही झालं तर त्याला कोण आणणार?" हे त्यांचे उत्तर होते.

या उत्तराला साजेसा एक अभ्यास स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला होता. 423 वयस्क जोडप्यांकडे त्यांनी पाच वर्षे लक्ष ठेवले. मित्र, नातेवाईक आणि शेजाऱ्यांना प्रत्यक्ष मदत करणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, तर केवळ मदत मिळण्याने तसा फायदा दिसला नाही. अर्थात, ज्याची तब्येत बरी तोच इतरांना मदत करू शकतो, ही शंका येथे रास्त आहे. संशोधकांनी प्रकृतीतला असा फरक हिशोबात धरून पाहिला तरी निष्कर्ष टिकला होता. आपण आधार या शब्दाचा विचार नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने करतो. तात्यांचे शरीर सुधारू लागले ते देणाऱ्याच्या जागी उभे राहिल्यावर.

घरातही काही बदल झाले. मुलाशी ठरवून रक्तदाब फक्त सकाळी आणि रात्री, पाच मिनिटे स्वस्थ बसून, एकाच हाताचा मोजायचा असा नियम केला. फोनवर आकडा विचारायचा नाही, "आज कुठे गेला होतात?" असे विचारायचे, हेही ठरले. पहिले काही दिवस त्याला ते जमले नाही.

फेब्रुवारीत तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, गावाहून दोन महिन्यांसाठी आल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात हे जोडपे सलग इतके दिवस क्वचितच एकत्र राहिले होते. तात्या मुंबईत आणि काकू गावी, शेती व सासूबाईंची सेवा करत, अशी या भागातल्या असंख्य माथाडी घरांची रीत आहे. त्या आल्यावर सगळे सुरळीत होईल, असे आम्हा सर्वांना वाटले. पहिले तीन आठवडे घरात भांडणे झाली. गावची जमीन, मुलाने घेतलेले कर्ज, तात्यांचे रोज बाहेर जाणे, अशी कारणे होती. 142 पर्यंत उतरलेला वरचा आकडा पुन्हा 150 च्या पुढे गेला. नाते जवळचे असले म्हणजे ते आपोआप आरोग्यदायी ठरत नाही. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी 2005 मध्ये 42 विवाहित जोडप्यांच्या हातावर लहान जखमा करून त्या भरण्याचा वेग मोजला होता. एकमेकांशी कडवटपणे बोलणाऱ्या जोडप्यांच्या जखमा इतरांपेक्षा बऱ्याच सावकाश भरल्या. शेजारच्या खोलीतल्या शब्दांचा परिणाम कातडीवर होतो, ही गोष्ट मी काकूंना तात्यांच्या सोबत्याच्या पायाचे उदाहरण देऊन समजावली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला तरी कोण विचारतंय, डॉक्टर?" त्यांच्या ताणाचे प्रकरण वेगळे आहे आणि तेही लिहायला हवे.

तडजोड कशी झाली हे मला नेमके ठाऊक नाही, पण तिची सुरुवात पहाटे चारला झाली. तरुणपणी तात्या गावकीच्या गाळ्यात पंधरा-वीस जणांसोबत राहत आणि स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना असे. काकूंनी एका पहाटे त्यांना अंधारात बसलेले पाहिले आणि दिवा लावून म्हटले, "जागेच आहात तर कणीक तरी भिजवा." सून सातला कामावर निघते, तिचा आणि मुलाचा डबा तिला पाचपासून उठून करावा लागत असे. तेव्हापासून कणीक आणि भाजी तात्यांकडे आली. डाव्या हाताने कणीक मळताना वेळ लागतो, पण चार ते सात हा वेळ त्यांच्याकडे होताच. काकू एप्रिलमध्ये गावी परतल्या, डबे मात्र सुरू राहिले. सुनेला रोज पाऊण तास अधिक झोप मिळू लागली, आणि तिची डोकेदुखी कमी झाल्याचे तिने मला आपणहून सांगितले.

मे 2024 मध्ये तात्यांचा रक्तदाब 134/84 होता, तीन महिन्यांची साखर 7.4 आणि नैराश्याच्या प्रश्नावलीतले गुण 6. अॅम्लोडिपिन मी पुन्हा 5 वर आणले. बाकीच्या गोळ्या चालू ठेवल्या, आणि त्या चालूच राहतील. नाती ही औषधाची जागा घेत नाहीत, हे मी तात्यांनाही बजावून सांगितले आहे. खांदा होता तसाच आहे. या सुधारणेत वेदनाशामक थांबवण्याचा वाटा किती, गोळ्या नियमित घेण्याचा किती, चालण्याचा किती आणि मन हलके झाल्याचा किती, हे एका रुग्णावरून वेगळे काढता येत नाही. मला दिसते ते एवढेच, की पहिली गोष्ट सोडली तर बाकीच्या तिन्ही त्या बाकावरच्या भेटीनंतर सुरू झाल्या.

जुलैत सोबती भातलावणीसाठी गावी गेले आणि पाच आठवडे तिकडेच राहिले. तात्यांचा वरचा आकडा 148 झाला आणि रात्रीची झोप पुन्हा मोडली. आम्ही सगळा भार एका माणसावर टाकला होता. ही उणीव माझ्या लक्षात यायला हवी होती. टोळीच्या मुकादमांना तात्यांच्या घरच्यांनीच फोन केला. टोळीतल्या दोन निवृत्त कामगारांचे निधीचे कागद अडकले होते आणि त्यांना माथाडी मंडळाच्या कार्यालयात सोबत हवी होती. तात्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण टोळीच्या गोण्यांची वही त्यांनी वर्षानुवर्षे लिहिली होती आणि कागद कोणत्या टेबलावर थांबतो याची त्यांना जाण होती. त्या दोघांचे काम व्हायला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत आणखी चौघे आले.

आता नव्या रुग्णाचा केसपेपर करताना "कुटुंबासोबत राहतात" या ओळीखाली मी आणखी दोन ओळी लिहून घेते: अडचणीला कोणाला हाक मारता, आणि तुम्हाला कोण हाक मारते. दुसऱ्या ओळीपाशी पुष्कळ जण थबकतात.

गेल्या भेटीला तात्या पायाच्या सोबत्याला आणि कागदांच्या कामातल्या एका विधवा बाईंना घेऊन आले. दोघांच्या फायली त्यांच्या काखेत होत्या. त्या दोघांचे तपासून झाल्यावर तात्या घाईने उठले, कारण कार्यालय पाचला बंद होणार होते. त्यांचा स्वतःचा रक्तदाब मोजायचा राहिला, हे ना त्यांच्या लक्षात आले ना माझ्या. रात्री नऊला सुनेचा फोन आला. पाच मिनिटे बसून, डाव्या हाताचा घेतला, 136/82.